वायफाय आणि त्यातली घड्याळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात घरांची आणि सोसायट्यांची नेटवर्कं लावून देतो. काम आटोपलं की चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न येतात. काही प्रश्न इतक्या वेळा ऐकलेत की उत्तरं एकदा लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान. बहुतेकांना वायफाय म्हणजे ताकदीचं काम वाटतं: मोठा राऊटर, लांब अँटेना, जास्त पॉवर. मला मात्र दहातल्या आठ तक्रारींत भानगड वेळेची सापडते. कोण कधी बोलला, कोणाचा प्रतिध्वनी कोणाच्या बोलण्यात मिसळला, कोणाचं घड्याळ किती पुढे होतं. त्यामुळे खाली घड्याळं जरा जास्तच येतील.

वायफाय म्हणजे 'वायरलेस फिडेलिटी' ना?

नाही. हे कशाचंच लघुरूप नाही. १९९९ साली या उपकरणांच्या कंपन्यांनी मिळून एक संघटना काढली. मूळ मानकाचं नाव 'आयईईई ८०२.११', हे दुकानात कोण उच्चारणार? म्हणून त्यांनी इंटरब्रँड या नावं सुचवणाऱ्या कंपनीकडून नाव घेतलं. 'हाय-फाय'शी यमक जुळतं, बस्स. पुढे संघटनेनेच काही काळ जाहिरातीत 'वायरलेस फिडेलिटी' असे शब्द वापरले आणि गोंधळ कायमचा करून ठेवला.

मग वायफायचा शोध लावला तरी कोणी?

एका माणसाचं नाव हवं असेल तर निराश व्हाल. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. सगळ्यांनी एकाच लहरीवर बोलायचं, दोघं एकदम बोलले तर पुन्हा पाठवायचं, ही कल्पना तिथली. हिशेब केला तर या पद्धतीत हवेतला जेमतेम १८.४ टक्के वेळ कामी येतो. बोलायला सुरुवात फक्त ठरलेल्या ठोक्यावरच करायची, एवढा एक नियम घातला की तोच आकडा दुप्पट होऊन ३६.८ टक्के होतो. यंत्र तेच, पॉवर तीच, फक्त सगळ्यांना एक ठोका दिला.

१९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. त्यावर नेदरलँड्समध्ये एनसीआर कंपनीच्या लोकांनी दुकानांतले गल्ले बिनतारी जोडण्यासाठी 'वेव्हलॅन' बनवलं. तिथलेच व्हिक हेस १९९० पासून दहा वर्षं ८०२.११ समितीचे अध्यक्ष होते. भांडणाऱ्या कंपन्यांना एका कागदावर आणणं हाही एक शोधच म्हणायचा. पहिलं मानक १९९७ साली आलं, वेग १ आणि २ एमबीपीएस (एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट). १९९९ साली ११ आणि ५४ एमबीपीएसची दोन भावंडं आली आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने आयबुक लॅपटॉपसोबत एअरपोर्ट नावाने आपलं वायफाय विकायला काढलं.

हेडी लामार या नटीने वायफाय शोधलं, असा मेसेज फिरतो. खरा आहे का?

अर्धा खरा, आणि खरा भाग मेसेजमधल्यापेक्षा जास्त चांगला आहे. हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक २२,९२,३८७. रेडिओवर चालणाऱ्या पाणतीराचा सिग्नल शत्रूला अडवता येऊ नये म्हणून लहर सतत बदलत राहायची. कुठल्या क्रमाने बदलायची हे आपोआप वाजणाऱ्या पियानोसारख्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर कोरलेलं. एक पट्टी जहाजावर, दुसरी पाणतीरात. लहरी ८८, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच.

खरी गोम त्या दोन कागदी पट्ट्यांत आहे. दोन्ही एकाच क्षणी सुटल्या पाहिजेत आणि एकाच वेगाने सरकल्या पाहिजेत. एक जरा मागे राहिली की जहाज एका लहरीवर बोलतंय आणि पाणतीर दुसरीवर कान देऊन बसलाय.

अमेरिकन नौदलाने दुसऱ्या महायुद्धात ते वापरलं नाही आणि दोघांना त्यातून पैसेही मिळाले नाहीत. आजच्या वायफायमध्ये लहर-उडी नाही. १९९७ च्या मानकात तो एक पर्याय होता, तो मागे पडला. ती उडी आज तुमच्या कानातल्या ब्लूटूथमध्ये आहे: ७९ लहरी, सेकंदाला १६०० उड्या, म्हणजे दर ६२५ मायक्रोसेकंदांनी नवी जागा. कागदी पट्टीच्या जागी आता फोनचं घड्याळ, आणि इयरफोन त्याच्याशी आपलं घड्याळ जुळवून घेतो.

आणि ऑस्ट्रेलियाचा दावा?

हा दावा जास्त वजनदार आहे. १९७४ साली स्टीफन हॉकिंग यांनी मांडलं की लहान कृष्णविवरं शेवटी फुटत असावीत. जॉन ओ'सलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ त्या स्फोटांचे सिग्नल शोधत होते. दुरून येता येता सिग्नल फासला जातो, तो पुन्हा धारदार कसा करायचा यावर त्यांचं काम चाललं होतं. कृष्णविवर काही सापडलं नाही. पण पुढे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत त्यांच्यासमोर वेगळा प्रश्न आला: खोलीच्या आत बिनतारी सिग्नल भिंतींवर आपटून फासला जातो, त्याचं काय करायचं? दुखणं ओळखीचं होतं आणि गणितही. पाच जणांच्या त्या गटाला १९९६ साली अमेरिकन पेटंट मिळालं. नंतर मोठमोठ्या कंपन्यांशी कोर्टकज्जे झाले, तडजोडी झाल्या आणि संस्थेला ४० कोटींहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले.

माझं मत विचाराल तर श्रेय त्यांचं आहे, पण अख्खं नाही. एक वेगवान प्रवाह अनेक संथ प्रवाहांत वाटायची कल्पना बेल लॅब्जच्या रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्येच मांडली होती. आणि ते गणित झटपट करायची युक्ती कूली आणि टुकी यांची, १९६५ ची. ऑस्ट्रेलियाने या गोष्टी घराच्या आत नीट चालतील अशा एकत्र बसवल्या. नुसती मिसळ वाटेल, पण मिसळ सगळ्यांना जमते असं कुठे आहे?

'भिंतींवर आपटून फासला जातो' म्हणजे नक्की काय होतं?

हे पुणेकराला समजवायला मला वही-पेन लागत नाही. गणपतीत कुमठेकर रस्त्यावर पथक वाजतंय असं समजा. दोन्ही बाजूंना इमारती. ताशाची काडी इतकी वेगात पडते की आधीच्या काडीचा प्रतिध्वनी समोरच्या भिंतीवरून परत येईपर्यंत पुढची काडी पडून गेलेली असते. जवळ उभं राहिलं तर कडकडाट सुरेख, पण गल्लीच्या टोकाला नुसता खळखळाट ऐकू येतो. ढोलाचं तसं होत नाही. एक ठोका, मग मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत प्रतिध्वनी येऊन विरून जातो आणि पुढचा ठोका स्वच्छ पडतो.

आता समजा ताशाचा सगळा मजकूर तुम्हाला गल्लीच्या टोकापर्यंत स्पष्ट पोचवायचा आहे. मजकूर ४८ ढोलांत वाटून द्या. प्रत्येक ढोलाचा सूर वेगळा, प्रत्येकाने संथ वाजवायचं, पण सगळ्यांनी एकदम. ऐकणाऱ्याने सूर वेगळे काढून मजकूर पुन्हा जोडून घ्यायचा. वायफाय नेमकं हेच करतं. १९९९ च्या पाच गिगाहर्ट्झच्या मानकात २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५२ बारीक लहरी असतात. ४८ वर मजकूर, उरलेल्या ४ वर आधीच ठरलेला ठोका. पथकात झांज आणि टोल जे काम करतात ते या चौघींचं: बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून ताल धरायचा.

एक ठोका ४ मायक्रोसेकंदांचा. त्यातला ३.२ मायक्रोसेकंद कामाचा आणि ०.८ मायक्रोसेकंद राखीव, प्रतिध्वनी विरायला सोडलेला. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणजे ०.८ मायक्रोसेकंदात २४० मीटर. सरळ आलेल्या सिग्नलपेक्षा २४० मीटर जास्त फिरून आलेला प्रतिध्वनीही पुढच्या ठोक्यात घुसत नाही. दोन बीएचकेमध्ये एवढं अंतर फिरायला लहरीला भिंतींवर कितीदा आपटावं लागेल, बघा. म्हणून घरात तंत्र बिनबोभाट चालतं. मोठी मंगल कार्यालयं, गोदामं, उघडी मैदानं इथे ते तोकडं पडतं, त्यामुळे वायफाय ६ मध्ये राखीव वेळ ३.२ मायक्रोसेकंदांपर्यंत वाढवायची सोय आली.

या ५२ सुरांची एकमेकांत सरमिसळ का होत नाही, हेही वेळेनेच ठरतं. दोन शेजारी सुरांतलं अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ आहे. १ भागिले ३.२ मायक्रोसेकंद करून पाहा, तोच आकडा येतो. कामाच्या त्या ३.२ मायक्रोसेकंदांत प्रत्येक सुराची आवर्तनं पूर्ण संख्येत बसतात, अर्धमुर्धं काही उरत नाही. सगळे जण समेवर येतात म्हणा ना.

५४ एमबीपीएस असा विचित्र आकडा कुठून आला? ५० का नाही?

वरच्याच हिशेबातून. ४८ लहरी, प्रत्येकीवर एका ठोक्याला ६ बिट, म्हणजे २८८. त्यातले पाव बिट चुका दुरुस्त करण्यासाठी खर्ची पडतात, उरले २१६. ते ४ मायक्रोसेकंदांत जातात. २१६ भागिले ४, उत्तर ५४.

राऊटर आणि फोन, दोघांची घड्याळं वेगळी. मग जमतं कसं?

सुरुवातीला जमत नाहीच, आणि ते दोघांनाही माहीत असतं. राऊटरमध्ये क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक असतो. त्याच्या थरथरीला गुणून गिगाहर्ट्झपर्यंत नेतात. पाच गिगाहर्ट्झच्या त्या मानकात स्फटिकाला दहा लाखांत २० इतकी चूक माफ आहे. ऐकायला किरकोळ वाटते. पण ५.२ गिगाहर्ट्झवर तिचे १०४ किलोहर्ट्झ होतात. राऊटर तेवढा वर आणि फोन तेवढा खाली असला तर दोघांत २०८ किलोहर्ट्झचा फरक. दोन सुरांतलं अंतरच मुळी ३१२.५. म्हणजे फोनला 'सा' कुठला आणि 'रे' कुठला हेच कळणार नाही.

म्हणून प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे मजकुराच्या एकेका गठ्ठ्याच्या, आधी १६ मायक्रोसेकंदांची प्रस्तावना असते. आधी ०.८ मायक्रोसेकंदाचा एकच तुकडा दहा वेळा, मग दोन लांब तुकडे. पथक सुरू होण्याआधी ताशाची तर्री वाजते आणि ढोलवाले सावध होतात ना, तसंच. त्या तुकड्यांत काय आहे हे ऐकणाऱ्याला आधीपासून पाठ असतं, त्यामुळे आपण किती सरकलोय ते तो मोजतो आणि स्वतःला जुळवून घेतो. दर पॅकेटला, पुन्हा पहिल्यापासून. हे वाचताय तोवर तुमच्या फोनने हे हजारो वेळा केलं असेल.

प्लॅन ३०० चा घेतलाय, मोबाईलवर ४० च दिसतात. फायबरवाला फसवतोय का?

कधीकधी. पण आधी केबल लावून तपासा. केबलवर ३०० येत असतील तर त्या बिचाऱ्याला फोन करू नका. चोर घरातच आहे.

एका चॅनलवर, म्हणजे पट्ट्याच्या एका ठरलेल्या तुकड्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं, शांतता दिसली की मनात फासा टाकतं, पडेल तितकी घरं मोजतं आणि मग बोलतं. पाच गिगाहर्ट्झवर एक घर ९ मायक्रोसेकंदांचं. दोघांचा फासा सारखा पडला तर टक्कर, पुन्हा फासा, आणि या वेळी घरं दुप्पट.

या व्यवस्थेत प्रत्येकाला पाळी सारखी मिळते, वेळ सारखा मिळत नाही. १५०० बाइटचं पॅकेट ५४ एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाच्या आत निघून जातं. तेच जुनाट यंत्र १ एमबीपीएसने पाठवतं तेव्हा १२ मिलिसेकंद हवा अडवून बसतं. बसच्या दारात एक जण सुट्टे पैसे मोजत उभा आहे आणि मागे पन्नास जण पास हातात धरून थांबलेत, असं ते चित्र. घरातला तो सुट्टेवाला बहुतेक वेळा बाल्कनीतला स्वस्त कॅमेरा असतो.

दुसरा खर्च कोणाला दिसतच नाही. प्रत्येक राऊटर आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारतो, दर १०२.४ मिलिसेकंदांनी. (हा आकडा १०० का नाही? कारण मोजायचं एकक १००० च्या जागी १०२४ मायक्रोसेकंदांचं धरलंय. यंत्राला दोनच्या पटीत मोजणं सोपं.) २.४ गिगाहर्ट्झवर हा पुकारा बऱ्याचदा १ एमबीपीएसच्या बैलगाडी वेगाने जातो. ३०० बाइटचा पुकारा धरा, अडीच मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा, म्हणजे हवेचा अडीच टक्के वेळ एका नावासाठी गेला. एकाच चॅनलवर वीस नावं ऐकू येत असतील तर निम्मा वेळ नुसत्या हाका मारण्यात संपला, कामाचं अजून कोणी काही बोललेलंच नाही.

कर्वेनगरच्या एका सोसायटीत मी हीच माती खाल्ली होती. धंद्यात नवा होतो. चार मजल्यांवर वायफायचे चार डबे लावले, सगळ्यांची पॉवर पूर्ण, सगळे चॅनल ६ वर, आणि प्रत्येकावर तीन-तीन नावं: रहिवासी, पाहुणे, ऑफिस. मोबाईलवर सगळीकडे फुल्ल कांड्या. सेक्रेटरी खूश, मी खूश. रविवारी क्रिकेटची मॅच लागली आणि संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले. रेंज पूर्ण, चित्र अडकलेलं. सोमवारी जाऊन चॅनल १, ६, ११ असे वाटले, पॉवर निम्म्यावर आणली, तीनाचं एक नाव केलं, जुने संथ वेग बंद केले. कांड्या एकेक कमी झाल्या आणि मॅच चालायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचे काका आजही म्हणतात, "आधी रेंज जास्त यायची हो."

आठ अँटेनांचा राऊटर घेऊ का?

पुढच्या खोलीत बसून वापरणार असाल तर हौस म्हणून घ्या. राऊटर कितीही ओरडला तरी फोनला उत्तर द्यायचं असतं, आणि फोनच्या घशात तेवढा जोर नसतो. फोनला राऊटरचं ऐकू येतं, राऊटरला फोनचं नाही. त्याच पैशात मागच्या खोलीपर्यंत केबल ओढून दुसरा साधा डबा लावा. तपकीर गल्लीत केबल मीटरवर मिळते, तांब्याची आहे ना हे मात्र विचारून घ्या.

आमचा वाडा आहे. जाड भिंतींमुळे वायफाय येतच नाही ना?

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मोजून पाहिलं. दगड-मातीची भिंत सिग्नल खाते हे खरं, पण त्या घरी मुख्य गुन्हेगार होतं लोखंडी कपाट. राऊटर त्या कपाटावर, मागे टेकवून, वर दिवाळीचे आकाशकंदील. कपाट, आरसा, पाण्याची टाकी, स्लॅबमधल्या सळया ही माझी काळी यादी, या क्रमाने नाही. राऊटर माजघरात दाराच्या चौकटीसमोर आणला आणि मागच्या सोप्यापर्यंत सिग्नल पोचला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे कधीकधी राऊटर हाताच्या पंज्याएवढा सरकवूनही फरक पडतो. मांत्रिकासारखं वाटतं खरं, पण करून बघा.

मायक्रोवेव्ह लावला की नेट का जातं?

दोघांची लहर तीच, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास. ती पाण्याची खास लहर आहे ही आणखी एक दंतकथा. पाणी त्याहून कितीतरी वरच्या, २० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जास्त शोषतं. गंमत अशी की ट्रान्सफॉर्मरवाली घरगुती भट्टी विजेच्या ५० हर्ट्झच्या अर्ध्या आवर्तनातच जळते. साधारण १० मिलिसेकंद गोंगाट, १० मिलिसेकंद शांतता. वायफाय त्या शांततेत जमेल तेवढं उरकून घेतं. नको असेल तर फोन पाच गिगाहर्ट्झवर टाका.

पूर्वी फोन वाजायच्या आधी स्पीकरमधून 'टिडिक टिडिक' यायचं. ते काय होतं?

माझा आवडता प्रश्न. २जी मध्ये एकच लहर आठ जणांत वेळेने वाटलेली असते. ४.६१५ मिलिसेकंदांचं एक चक्र, त्यात आठ खिडक्या. तुमचा फोन फक्त आपल्या खिडकीत, ५७७ मायक्रोसेकंद, बोलतो आणि गप्प बसतो. म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद. स्पीकरच्या तारा अँटेनासारख्या वागतात आणि ती २१७ हर्ट्झची फडफड आवाज होऊन बाहेर पडते. तुम्ही चक्क टाइमिंग ऐकत होता.

लांबच्या फोनने थोडं आधी बोलायला लागतं, नाहीतर त्याचा सिग्नल टॉवरला पोचेपर्यंत शेजाऱ्याची खिडकी उघडलेली असते. टॉवर त्याला ६३ पायऱ्यांपर्यंत आधी बोलायला सांगू शकतो, एक पायरी सुमारे साडेपाचशे मीटरची. म्हणून २जी टॉवर साधारण ३५ किलोमीटरच्या पलीकडे काम करत नाही, मग समोर डोळ्यांना टॉवर दिसत का असेना.

ब्लूटूथ कानात घालून तबल्याचा रियाज जमेल?

ऐकायला जमेल, साथ करायला नाही. साध्या ब्लूटूथ इयरफोनमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. हवेत हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवायला सवड मिळावी म्हणून तो मुद्दाम थोडा साठवून ठेवलेला असतो. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांनी धरला तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. म्हणजे लेहरा ऐकून तुम्ही सम गाठाल तेव्हा ती अख्खी मात्रा मागे गेलेली असेल. दोन रुपयांची मिजास नको, वायरचा हेडफोन घ्या.

जगदीशचंद्र बोस यांचा या सगळ्याशी संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून जोडावा लागत नाही. १८९५ साली त्यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली आणि दारू पेटवली. मार्कोनी लांब लहरींच्या मागे होता, बोस मात्र पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर काम करत होते. हा झाला ६० गिगाहर्ट्झचा प्रदेश. वायफायची एक शाखा तिथे २०१२ साली पोचली. स्फटिकाने सिग्नल टिपण्याच्या त्यांच्या युक्तीला १९०४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं, तेही मित्रांनी आग्रह धरला म्हणून. त्यांना स्वतःला पेटंटचा तिटकारा होता.

भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं, मोबाईलचं कधीच नाही. का?

दोघांच्या पोटात क्वार्ट्झच. भिंतीवरच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद उरतो. दहा लाखांत २० ची चूक धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ एक मिनिट. मोबाईलही तेवढाच चुकतो, पण तो सतत दुसऱ्याला विचारत असतो.

विचारत विचारत वर गेलात की अणुघड्याळ येतं. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांची आहे. जीपीएसच्या उपग्रहांत अशी घड्याळं फिरतात. तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ती जमिनीवरच्यापेक्षा पुढे जातात, वेगामुळे थोडी मागे पडतात, आणि दोन्ही मिळून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अंतराची चूक अकरा किलोमीटरपर्यंत साचेल. शनिवारवाडा शोधणारा पाहुणा कात्रजच्याही पुढे सापडेल. ४जी-५जी चे टॉवरही याच उपग्रहांकडून वेळ घेतात, कारण एकाच लहरीवर पाळीपाळीने बोलणाऱ्या शेजारी टॉवरांना एका सामायिक वेळेशी दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळून राहावं लागतं.

आपल्या नाविकचं, म्हणजे जीपीएससारख्या भारतीय उपग्रह-यंत्रणेचं, दुखणंही घड्याळाचंच निघालं. २०१३ च्या पहिल्या उपग्रहातली आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली. उपग्रह वर फिरतोय, पण वेळ सांगता येत नाही, म्हणजे जागाही सांगता येत नाही. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलेलं आहे.

घरी वायफाय लावायला परवाना लागतो का?

नाही. २००५ सालापासून भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो, पॉवरची मर्यादा पाळून. पाच गिगाहर्ट्झचा बराच भाग २०१८ मध्ये मोकळा झाला. परवाना नाही याचा दुसरा अर्थ असा की शेजाऱ्याच्या राऊटरची तक्रार तुम्हाला कुठेही करता येणार नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोडून.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर बघायला मिळेल असं काही पुण्याजवळ आहे?

आहे, आणि नाशिकला जाता-येता बहुतेक जण त्याला वळसा घालून जातात. नारायणगावला तमाशाच्या राहुट्यांसाठी लोक ओळखतात. तिथून आत खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ वाय आकाराच्या तीन हातांवर, एकूण पसारा २५ किलोमीटरचा. पत्र्याच्या भरीव वाट्यांऐवजी तारांची जाळी ताणलेली, त्यामुळे वारा आरपार जातो आणि खर्चही आवाक्यात राहिला.

आकाशातला एकच सिग्नल ३० डिशना वेगवेगळ्या क्षणी पोचतो. क्षितिजाजवळच्या ताऱ्यासाठी दोन टोकांतला फरक ८० मायक्रोसेकंदांपर्यंत जातो. वर फायबरमधून यायला दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. हे सगळे उशीर मोजून, एकेका डिशचा सिग्नल तेवढा मागे रोखून धरून, मग ३० डिशच्या ४३५ जोड्या एकमेकींशी ताडून बघतात. पृथ्वी फिरतेय, म्हणून हे उशीरही क्षणाक्षणाला बदलत असतात. वायफायच्या प्रतिध्वनीचं गणित ज्या घराण्यातलं, त्याच घराण्याचं हे गाणं आहे, फक्त मैफल मोठी.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते. मुलांना घेऊन जा. मोबाईलचा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा दुर्बिणीच्या कानांच्या टप्प्यात येतो, म्हणून तिथे फोन बंद ठेवायला सांगतात. एअरप्लेन मोड चालेल का, असं मला तीन जणांनी विचारलंय. बंद म्हणजे बंद.